न विरघळणारा हलवा

"दागिने मंगलताईंकडे सांगितलेत," अक्का म्हणाल्या. "तू हलव्याला हात लावू नकोस."

संक्रांत महिन्यावर आली होती. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कराडातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पीत, माझ्याच सुनेच्या, केतकीच्या, पहिल्या संक्रांतीची व्यवस्था त्या मला समजावून सांगत होत्या. नव्या सुनेला काळी साडी नेसवायची, पाटावर बसवायचं, हलव्याच्या दागिन्यांनी मढवायचं आणि शेजारपाजारच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. हे सगळं सासूचं काम. सासू मीच होते, त्याबद्दल वाद नव्हता.

"हलवा मी करते की," मी म्हटलं. "दरवर्षी मीच करत आले."

"करत होतीस. आता कसा करशील? सवाष्णीचा हात लागतो त्याला."

हे जाऊन तिसरं वर्ष होतं. पहिल्या दोन संक्रांतींना हलवा झालाच नाही, त्यामुळे तो कोणाच्या हातचा चालतो हा प्रश्न आला नव्हता.

"आणि दागिने घालणार कोण केतकीला?"

"मी आहे ना." अक्कांनी कप बशीत ठेवला. "तू आतलं बघ. मसाला दूध, चिवडा, डिशा भरणं. आतलं सगळं तुझ्याकडे. बायका आल्या की बाहेर येऊ नकोस म्हणजे झालं. कुणाला अवघडायला नको."

मी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. सरहद्द आखली जाते तेव्हा मला ती लगेच दिसते. हॉल अक्कांचा, स्वयंपाकघर माझं आणि मधला पडदा वादग्रस्त प्रदेश.

अक्का दुष्ट होत्या असं कुणाला वाटायला नको. हे दवाखान्यात होते तेव्हा दोन्ही वेळचा डबा त्यांच्याकडून यायचा. हे गेल्यावर मी जेवत नव्हते तर त्यांनी मला चमच्यानं वरणभात भरवला होता, रागावून रागावून. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं. वरणभात भरवलेल्या माणसाशी भांडायला फार तयारी लागते.

"बरं," मी म्हटलं. "हलव्याला हात लावत नाही."

हे वाक्य मी अगदी प्रामाणिकपणे उच्चारलं आणि शेवटपर्यंत पाळलं. हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे माझ्यावर फसवणुकीचा आरोप झाला.

आता पॉलिमर क्लेबद्दल सांगायला हवं. ही माती नव्हे. पुरणासारखी मऊ मळता येणारी प्लास्टिकची जात आहे. हवा तो आकार द्यायचा, छोट्या ओव्हनमध्ये मंद भाजायचं, की कडक होते. माझ्या निनादशी लग्न ठरायच्या आधी केतकी पहिल्यांदा घरी आली ती तिच्या रंगीत वड्यांचा डबा घेऊन. "काकू, हाताला काहीतरी चाळा," म्हणाली. मुलगी मला तेव्हाच पसंत पडली. निनादचं मत नंतर विचारलं.

यांनी हौसेनं नानकटाईसाठी ओव्हन आणला होता. क्ले भाजलेल्या ओव्हनमध्ये खाण्याचं काही करायचं नसतं, तेव्हा नानकटाई कायमची बंद झाली आणि ओव्हन क्लेला मिळाला. वर्षभरात कॉलनीतल्या निम्म्या कानांत माझे डूल लोंबायला लागले. मी संगमरवरासारख्या रेषा काढून पाहिल्या, पिंपळाच्या पानाच्या शिरा दाबून उठवल्या, वर्ख चिकटवून तो तडकवला. पण माझा जीव रमला तो केनमध्ये. वेगवेगळ्या रंगांच्या पाती एकीवर एक ठेवायच्या, गुंडाळी करायची, ती लांब ओढायची आणि पातळ चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीत तेच फूल. बायका विचारायच्या, एवढं बारीक फूल रंगवलं कसं? रंगवायचं कशाला? ज्या बाईला अळूवडी येते तिला केन येतो. फक्त तळायचा नाही.

अक्कांना हे काही मंजूर नव्हतं. "प्लास्टिकचे दागिने," त्या म्हणायच्या. "सोनं नाही, चांदी नाही, आणि करणारी कोण, तर…" इथे त्या थांबायच्या. त्या थांबण्यात मी बसायचे.

अक्का आपल्या घरी गेल्या, त्याच दुपारी मी पांढऱ्या क्लेची वडी फोडली.

हलवा ज्यांनी घरी केलाय त्यांना माहीत असेल, त्यात सगळी किंमत काट्याला. मंद आचेवर परातीत तीळ हलवत राहायचं, चमच्याचमच्यानं पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. मग कधीतरी दाण्याला बारीक काटा फुटतो. घाई केली की काटा बसतो आणि हातात नुसत्या साखरेच्या गोळ्या उरतात. मला तो काटा क्लेला आणायचा होता. आणि तोही समोर नमुना न ठेवता, कारण हलव्याला हात न लावण्याचं मी कबूल केलं होतं.

नुसत्या पांढऱ्या क्लेचे मणी भाजून निघाले ते खडूसारखे निघाले. शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला खडू ओळखू येतो. मग त्यात अर्धी पारदर्शक क्ले मळली, तेव्हा साखरेचं ते आतून येणारं ओलसर पांढरं आलं. आता काटा. टाचणीनं टोचून पाहिलं, तर मणी साळिंदरासारखा दिसायला लागला. टूथब्रशनं ठोकून पाहिलं, तर भिजलेल्या मांजरासारखा. रव्यात घोळवून भाजला, तर रवा तांबूस झाला आणि सबंध घराला शिऱ्याचा वास सुटला. शेजारच्या बाई वाटी घेऊन आल्या. त्यांना काय सांगायचं ते मला सुचलं नाही, म्हणून खराच शिरा करून दिला.

मग जाडं मीठ घेतलं. मण्याला मिठात दाबून घोळवलं, भाजलं, तर काटे अगदी झकास. पण मीठ ते मीठच. केतकीच्या गळ्याला घाम आला तर हार पाझरायचा. म्हणून मणी पाण्यात टाकला. मीठ विरघळलं आणि मण्यावर नुसते खड्डे राहिले. देवी आलेला हलवा.

तो मणी मी रागानं खिडकीत ठेवला आणि भांडी घासायला घेतली. कढईच्या बुडाशी हात गेला आणि एकदम लक्षात आलं. मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, जिथे साच्यात खळगा तिथे ओतलेल्या वस्तूत उंचवटा. मला खड्डे नको होते ना? मग खड्ड्यांचाच साचा करायचा.

साबणाच्या हातानं मी क्लेच्या दोन जाड पोळ्या लाटल्या, त्यांत मीठ दाबलं, भाजल्या, धुतल्या. खड्ड्याखड्ड्यांच्या दोन ताटल्या तयार झाल्या. त्यांना टाल्कम पावडर फासली, मध्ये मऊ मणी ठेवला आणि लाडू वळतात तसा अलगद दाबत फिरवला. वरची ताटली उचलली.

काटा आला होता. टपोरा, बारीक, दाण्यादाण्याला. मी एकटीच ओट्यापाशी उभी होते आणि मोठ्यानं "आला!" म्हणाले. यांच्या फोटोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

त्या संध्याकाळी मंगलताईंना फोन लावला.

"मंगलताई, केतकीचा सेट नका करू."

"का हो? अक्कांनी तर बजावून सांगितलंय."

"मी करतेय."

मंगलताई सबंध पेठेचा हलवा करायच्या. धंदेवाईक माणूस आधी कामाचं विचारतं. "काटा येतोय?"

"आला."

"मग करा. माझा खांदा तसाही गेलाय. पण अक्कांना तुम्हीच सांगायचं हं. मी मध्ये नाही."

"मी बघते."

"बघा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला तिकीट काढून पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाचा आनंद ऐकू आला.

पुढचे दिवस मी मुकुट, बिंदी, हार, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा करण्यात घालवले. कमरपट्ट्याला मध्ये मध्ये केनच्या चकत्या लावल्या, तिळाच्या फुलाच्या. भोगीच्या दिवशी निनाद आणि केतकी पुण्याहून आली. भाकरीला तीळ लावता लावता मी केतकीला डबा दाखवला.

तिनं हार उचलला. वजन घेतलं. तिच्या बोटांनी मला क्ले शिकवली होती, तेव्हा बोटांना फसवणं शक्य नव्हतं.

"आई!"

"हं."

"काटा कसा आणलात?"

"मीठ."

"मीठ?" ती विचारात पडली, मग एकदम, "खड्ड्यांचा साचा! आई, तुम्ही ग्रेट आहात. मोठ्या काकूंना माहितीये?"

"नाही."

"आणि उद्या तुम्ही कुठे असणार?"

"आत. दुधापाशी."

हार केतकीनं फार जपून परत ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही केलेले, आणि घालणार त्या?"

"अगं, माझं काम तुझ्या अंगावर येणार ना? मला तेवढं पुरे." आणि खरंच मला तेव्हा तसं वाटत होतं. माझं बंड एवढंच होतं, पडद्याआडून बघण्याएवढं. या वयात गुडघ्यांना झेपेल तितकंच बंड करावं असं माझं मत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरला. निनादला खाली पिटाळलं. केतकी काळी चंद्रकळा नेसून पाटावर बसली. मी सरहद्दीच्या अलीकडे, पडद्याच्या फटीत, हातात दुधाचा डाव.

अक्कांनी डबा उघडला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. मुकुट उचलून त्यांनी दिव्याकडे धरला. "बघा गं बायकांनो. याला म्हणतात काटा! मंगल, हात आहे का काय तुझा!"

मंगलताई भिंतीकडेला बसल्या होत्या. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, पण त्या बघत राहिल्या.

"आमच्या शरयूलाही यायचा हलवा," अक्का माझ्याबद्दल म्हणाल्या. "पण शेवटी सवाष्णीच्या हाताचा काटा तो सवाष्णीच्या हाताचा. दिसतो की नाही फरक?"

"दिसतो हो," बायका म्हणाल्या.

मी आत दूध ढवळत होते. इतका आनंद मला निवृत्तीच्या निरोप समारंभातही झाला नव्हता.

आणि तेवढ्यात अक्कांनी डब्याच्या कोपऱ्यातला एक सुटा दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

आमच्या घरात पद्धत होती. दागिने चढवण्याआधी घरातल्या थोरलीनं एक दाणा खायचा, तोंड गोड करायचं, मग मुकुट उचलायचा. ही पद्धत मला लग्नापासून ठाऊक होती. महिनाभर मी काट्याचा विचार केला, रंगाचा केला, घामाचा केला. हलवा ही खायची वस्तू आहे एवढंच माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

अक्कांनी दाणा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. दाढेखाली धरला. कट्, असा आवाज आला. त्यांची कवळी नवी होती.

सगळ्या बायका बघत होत्या. एवढी स्तुती केल्यावर थुंकायचं कसं? अक्का चघळायला लागल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा गोड.

"छान झालाय," त्या दाण्याच्या कडेनं म्हणाल्या. "जरा कडक आहे. पाक पक्का लागलाय."

मग त्यांनी मान किंचित वर केली, आणि मला कळलं की त्या गिळणार आहेत.

आत राहणं सोपं होतं. गिळला असता तर गिळला असता, एवढासा दाणा. माझा सेट अक्कांच्या हातांनी, मंगलताईंच्या नावानं, केतकीच्या अंगावर चढला असता आणि कोणालाच काही कळलं नसतं. आणि दरवर्षी, जोवर मी जिवंत आहे तोवर, मला ऐकायला मिळालं असतं की सवाष्णीच्या हाताचा काटा कसा असतो.

मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. हातात डाव तसाच.

"अक्का, थुंका. तो हलवा नाही."

बोलायला तोंड रिकामं लागतं म्हणून असेल, त्यांनी दाणा रुमालात घेतला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. माझ्या भाजण्याचा मला अभिमान वाटला, पण ती वेळ नव्हती.

"मग काय आहे हे?"

"क्ले. मी केलेत दागिने. सगळे."

"तू?" अक्का मंगलताईंकडे वळल्या. "आणि तुझा सेट?"

"मी केलाच नाही," मंगलताई पंख्याला म्हणाल्या. "आणि मला नाही येत असा काटा. खरं तेच सांगते."

"मी सांगितलं होतं तुला, शरयू! हलव्याला हात लावू नकोस म्हणून!"

"नाही लावला. साखरेला नाही, तिळाला नाही. विचारा कुणालाही."

पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं. अक्कांना ते लागलं. त्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, आणि मग खरं ते बोलल्या.

"चेष्टा पुरे. नवी मुलगी आहे. तिच्या अंगावर तुझ्या हातचं चढवायचं? तुझ्या? निनादची काळजी नाही तुला? तुझाच मुलगा आहे तो."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, आणि मग सगळ्यांनी सतरंजीकडे पाहिलं.

आज इतक्या वर्षांनी सांगते, निनादला काही झालेलं नाही. पोट सुटलंय, पण त्याचा दागिन्यांशी संबंध नाही. त्या क्षणी मात्र मला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. आई होते. अक्कांनी नेमकी तीच जागा धरली होती, जिथे मी त्यांच्याइतकीच भित्री होते.

डाव मी टीपॉयवर ठेवला.

"अक्का, माझी पहिली संक्रांत आठवते?"

"आता काय त्याचं?"

"हलवा सासूबाईंनी केला होता. मुकुट तुम्ही चढवलात, हार तुम्ही घातलात. तोंडात दाणा टाकून, सगळं रीतीनं. दोघी सवाष्णी. तुमच्या हातासारखा शुभ हात नाही म्हणून मुद्दाम तुम्हाला पुढे केलं होतं."

अक्कांच्या हातातला रुमाल थांबला.

"आणि तरी हे गेले," मी म्हटलं.

"शरयू!"

"तुमच्या हातानं नाही गेले, अक्का. त्यांच्या मूत्रपिंडानं गेले. तुमच्या हाताला मी कधी, मनातसुद्धा, बोल लावला नाही. मग माझ्याच हातात असं काय आहे?"

अक्का खाली बसल्या. सोफ्यावर नाही, तिथेच, सतरंजीवर. "असं बोलू नये," त्या हळूच म्हणाल्या.

"नये. म्हणून आत बसले होते."

कॉलनीतल्या दोघी उठल्या. एकीला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं आणि दुसरीला पहिलीची सोबत. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं नाही. बाकीच्या बसून राहिल्या, काही हिमतीनं, काही पुढे काय होतं ते बघायला. मला दोन्ही चाललं.

"आई," केतकी पाटावरून म्हणाली, "माझ्या पायाला मुंग्या आल्यात. मुकुट घालताय ना?"

मी तिच्यासमोर बसले. गुडघे कुरकुरले, सगळ्यांना ऐकू गेलं. मुकुट घातला, बिंदी भांगात सरळ केली. हार घालताना तिच्या मानेवरचे केस अडकले, ते सोडवले. बांगड्या चढवल्या. साखरेच्या बांगड्या चढवताना नवरीनं श्वास धरायचा असतो, कधी कुठला दाणा निखळेल नेम नसतो. केतकी मजेत कोपर वाकवत होती, बायकांना हात हलवून दाखवत होती. कमरपट्टा बांधायला मी तिच्या पाठीमागे गेले तेव्हा मंगलताई सरकत सरकत जवळ आल्या. तिळाचं फूल त्यांनी नखानं उकरून पाहिलं.

"हे रंगवलेलं नाही?"

"अळूवडी," मी म्हटलं.

"अस्सं," त्या म्हणाल्या. त्यांना कळलं होतं.

दागिने झाले. केतकी पाटावरून उठली आणि पद्धतीप्रमाणे, ज्या हातांनी दागिने घातले त्यांच्यासमोर, म्हणजे माझ्यासमोर, वाकली. आता आशीर्वाद द्यायचा. आशीर्वाद ठरलेला असतो. मलाही तो मिळाला होता, पोत्यानं. मी तिच्या डोक्यावर, मुकुटाच्या काट्यांवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. "अखंड…" एवढं आपोआप आलं. तिथेच मी थांबले.

अक्का सतरंजीवरून माझ्याकडे बघत होत्या.

"खूप वर्षं जग," मी म्हटलं. "तू. ठणठणीत. अगदी म्हातारी हो."

बायकांमध्ये चुळबुळ झाली. काहीतरी राहून गेलंय हे सगळ्यांनाच जाणवत होतं, जसं जेवणाच्या पानात मीठ वाढायचं राहावं.

"आणि निनाद?" अक्कांनी विचारलं. आवाज बसलेला होता. "त्याला नाही द्यायचा?"

"देईन की. तो वाकला की त्यालाही देईन." मी दाराकडे पाहिलं. "बोलवा त्याला वर."

"इथे? बायकांच्यात?"

"बायकांच्यात."

मंगलताई खांदा चोळत उठल्या आणि दार उघडून जिन्यात हाक मारली. निनाद खालच्या पायरीवर बसून शेंगदाणे खात होता. तसाच वर आला, दारात थबकला. पाटापाशी त्याची बायको नखशिखांत पांढऱ्या काट्यांनी मढलेली, मोठी काकू जमिनीवर, आई मधोमध उभी.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. चपला बाहेर काढ, हात पूस," मी म्हटलं, "आणि इथे येऊन वाक."